माळशेज घाटात जाताना

टिटवाळ्याहून घाटावर जायचे आहे. वाट कोणती? गोवेलीला कल्याण-मुरबाड रस्ता लागतो. पुढे मुरबाड, सरळगाव, टोकावडे. मग माळशेज घाट. घाट चढला की जुन्नर तालुका.

पावसाळ्यात घाट फार सुंदर दिसतो. कड्यावरून धबधबे कोसळतात. ढग रस्त्यावर उतरतात. पण धोकाही तेव्हाच जास्त, बरं का! पाणी डोंगराच्या भेगांत मुरते. दगड-माती सैल होते. मग दरड कोसळते. म्हणून कड्याखाली गाडी उभी करू नये. रस्ता चालू आहे का, ते निघण्याआधी विचारावे.

उतारावर सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो. तापलेला ब्रेक नीट लागत नाही. म्हणून चढताना जो गिअर, तोच उतरताना ठेवावा. इंजिन बंद करून गाडी सोडू नये. थोडे पेट्रोल वाचेल, पण जीव जाईल.

धुक्यात दिवे लावावेत. झोत मात्र खाली ठेवावा. वळणावर पुढची गाडी ओलांडू नये. सकाळी निघावे, उजेडी परतावे. संकट आले तर ११२ नंबरला फोन करावा.

पाऊस फार असेल, तर बेत पुढे ढकला. घाट कुठे पळून जात नाही!