अन्यायाची मोजदाद ठाण्यातून सुरू होते

समजा, चिखली तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात हापशीवर तंटा झाला. निंदणाहून परतलेल्या आपल्या मायमाऊलीला जातीवरून शिव्या दिल्या, मारहाण केली. ती ठाण्यात गेली. कागदावर नुसती ‘मारहाण’ लिहिली गेली. मग अनुसूचित जातींवरील अत्याचारांचा देशाचा आकडा छापून येईल, तेव्हा त्यात ही माय नसेल.

हा आकडा काढते कोण? दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग. ‘भारतातील गुन्हे’ हा सरकारी अहवाल १९५३ पासून निघतो. पण प्रत्येक राज्याच्या नोंदी एका जागी जमवणारे स्वतंत्र खाते नव्हते. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने तशी शिफारस केली आणि १९८६ साली हा विभाग स्थापन झाला. ठाण्यातली नोंद जिल्ह्याला जाते, तिथून पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे आणि पुढे दिल्लीला. किती गुन्हे नोंदले, किती खटले कोर्टात पडून आहेत, किती जणांना शिक्षा झाली, हे सारे त्यात येते.

पण दिल्लीचे खाते गावात येऊन विचारत नाही. ठाण्यात जे लिहिले, तेच ते मोजते. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले, तर सर्वांत गंभीर तेवढाच धरायचा, असाही नियम आहे.

ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा. १९९० साली बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला, म्हणून तो आपल्यालाही लागू आहे. मात्र कलम लावून भागत नाही, ते कोर्टात टिकावे लागते. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली आठ जणांना खुनाबद्दल शिक्षा झाली. पण जातीच्या कारणावरून गुन्हा घडल्याचे कोर्टाने मानले नाही आणि ॲट्रॉसिटीचे कलम गळाले. म्हणून पहिल्या दिवसाची फिर्याद महत्त्वाची.

बंधुभगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. फिर्याद देताना काय शब्द वापरले, कुठे, कोणासमोर, ते जसेच्या तसे सांगा. लिहिलेले वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शिकलेल्या लेकीला सोबत न्या. मगच सही किंवा अंगठा द्या. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. ठाणेदाराने नोंद नाकारली, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा. जातीचा दाखला घरात तयार ठेवा.

१९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. बुलडाण्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी त्या बैठकीत किती प्रकरणे आली, किती जणांना मदत मिळाली, हे विचारावे आणि आपल्या वहीत टिपून ठेवावे.

बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आपली बाजू मांडली, ती आकड्यांनिशी. आपणही आकडा हाती धरू या. जो अन्याय कागदावर आला नाही, त्याचा जाब कोण विचारणार?