लग्नाचे कर्ज व लग्नगडी

चारोटीच्या आसपासच्या वारली समाजात हुंडा नाही, वरपक्षच देज देतो. आणि लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असते! सुधारणेचा टेंभा मिरविणाऱ्या आम्हां शहरवासीयांनी हे नीट ध्यानी घ्यावे. परंतु याच मंगलकार्यासाठी सावकाराकडून काढलेल्या अल्प रकमेपायी नवरा-नवरी दोघेही पूर्वी त्याच्या दारी वर्षानुवर्षे राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे परिषद भरली व गोदावरी परुळेकर यांच्या साह्याने वारल्यांनी हे जोखड झुगारले. देशव्यापी कायदा झाला तो १९७६ साली! खर्च झेपेना म्हणून कित्येक जोडपी आधी संसार थाटीत व लग्न मागाहून लावीत. त्यांस हसणाऱ्या व्यापारी बंधूंनी आपल्या कन्येच्या लग्नखर्चाची वही एकवार उघडावी. १९६१ च्या हुंडाबंदीनंतरचीच पाने पुरेत.