लांबचं घर खरंच स्वस्त पडतं का?

लातूर, जळगाव किंवा नागपूरहून हिंजवडीतल्या नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्याला घराबाबत मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: जरा लांब बघ, भाडं कमी पडेल. भाडं कमी पडतं हे खरंच आहे. पण भाडं म्हणजेच घराचा सगळा खर्च असं धरून चालणं चुकीचं आहे, आणि नव्या शहरात घर निवडतानाचे बहुतेक फसलेले हिशेब तिथूनच सुरू होतात. आकडे मांडून पाहू. समजा, वाकडमध्ये टू बीएचकेचं भाडं 24,000 रुपये आहे आणि नऱ्हे-धायरीकडे तसंच घर 17,000 रुपयांना मिळतंय. महिन्याला 7,000 वाचले. नऱ्ह्याहून हिंजवडीला एका बाजूने 15 किलोमीटर जास्त पडतात आणि महिन्याचे कामाचे दिवस 22 आहेत, असं धरलं तर जादा अंतर झालं 660 किलोमीटर. गर्दीत लिटरला 12 किलोमीटर जाणारी कार असेल तर 55 लिटर पेट्रोल लागेल; 104 रुपये लिटरने 5,720 रुपये. हातात उरले 1,280. सर्व्हिसिंग आणि टायरची झीज अजून धरलेलीच नाही. जाऊन-येऊन रोज दोन तास जास्त मोडत असतील, तर महिन्याचे 44 तास झाले. म्हणजे आयुष्यातला एकेक तास जेमतेम 29 रुपयांना दिला. दुचाकीवाल्याचं गणित बरं निघतं. लिटरला 45 किलोमीटरने पेट्रोलचा खर्च साधारण 1,525 येतो, दुचाकी कोंडीतून वाट काढते म्हणून रोजचा जादा वेळ दीड तासच धरू, आणि मग तासाला सुमारे 166 रुपये पडतात. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता चालू असेल, घरी पैसे पाठवायचे असतील, तर हा सौदा रास्त आहे. कंपनीची बस असेल तर पेट्रोल वाचेल, तास मात्र वाचणार नाहीत. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण आपण तासाला किती रुपये घेतोय हे घर ठरवण्याआधी कागदावर यायला हवं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, होते हळूहळू सवय. घराच्या बाबतीत हे निम्मं खरं आहे. लहान स्वयंपाकघराची, चौथ्या मजल्याच्या जिन्याची माणसाला सवय होते. रोजच्या लांबच्या प्रवासाबाबत पुरावा वेगळं सांगतो. ब्रुनो फ्रे आणि आलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची वर्षानुवर्षं गोळा होणारी माहिती तपासली. त्यांचा अभ्यास 2008मध्ये प्रसिद्ध झाला. लांबचा प्रवास करणाऱ्याला त्या बदल्यात जास्त पगार किंवा चांगलं घर मिळत असणार, म्हणजे समाधान सारखंच असणार, अशी अर्थशास्त्राची अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रवास जितका लांब, तितकं लोकांनी सांगितलेलं समाधान कमी भरलं. पुणे म्हणजे जर्मनी नव्हे, हा आक्षेप योग्यच आहे. पण आपल्याकडच्या रस्त्यांचा विचार केला तर हा आक्षेप उलट बाजूला जातो. प्रवासाचा त्रास मिनिटांइतकाच अनिश्चिततेचा असतो, आणि जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात अडकलेल्या माणसाला सरासरी वेळेचा काही उपयोग नसतो. म्हणून मॅपवर रविवारी दुपारी दिसलेला वेळ धरू नये. मंगळवारी किंवा बुधवारी, आपल्या शिफ्टच्या वेळेला, दोन्ही दिशांनी स्वतः जाऊन पाहावं. हिंजवडीत तर ऑफिस आयटी पार्कच्या कोणत्या फेजमध्ये आहे हेही विचारावं लागतं. हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत पोचणं म्हणजे फेज थ्रीला पोचणं नव्हे.

पगाराच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडं चालतं, हा नियमही असाच डोळे झाकून वापरला जातो. तो मुळात कौटुंबिक शहाणपणाचा नियम नव्हताच. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून उत्पन्नाचा किती हिस्सा भाडं म्हणून घ्यावा, याची मर्यादा सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या 1969च्या दुरुस्तीने 25 टक्के ठरवली, ती 1981मध्ये 30 टक्के झाली, आणि तोच आकडा पुढे सगळ्या जगाला लागू असल्यासारखा फिरला. त्याच अमेरिकेत शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास यांचा एकत्र खर्च मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही मिळून 45 टक्क्यांची मर्यादा सुचवली. आपल्या पगारांना 45चा आकडा जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. पण दोन्ही खर्च एकाच बेरजेत धरायचे, ही पद्धत पुण्याला नक्कीच लागू आहे.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग ऑफिसला चिकटूनच घर घ्यावं. तेही सरसकट खरं नाही. हिंजवडीच्या आसपास दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात तीन वेगवेगळे कारभार आहेत. मुळा नदीच्या एका बाजूला बाणेर-बालेवाडी, म्हणजे पुणे महापालिका. दुसऱ्या बाजूला वाकड, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका. आणि हिंजवडी, माण, मारुंजी ही ग्रामपंचायतींची गावं, जिथलं नियोजन 2015मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) आहे. इमारती सारख्याच दिसतात, लिफ्ट आणि लॉबी तर गावातल्या जास्त चकचकीत. पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांना जबाबदार मात्र वेगवेगळे. महापालिकेची हद्द म्हणजे पाण्याची हमी, हाही गैरसमज आहे. पिंपरी-चिंचवडने नोव्हेंबर 2019पासून दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली. पुणे महापालिकेत 2021मध्ये एकदम 23 गावं आली, पण गाव हद्दीत आलं म्हणून लगेच नळाला पाणी येत नाही. जलवाहिन्या टाकायला वर्षं जातात. ब्रोकर म्हणेल, चोवीस तास पाणी आहे. नळाला ते असेलही, फक्त टाकीत ते टँकरने आलेलं असतं. खात्री करायची जागा सोसायटीच्या गेटवर आहे. बऱ्याच सोसायट्यांत वॉचमनकडच्या वहीत टँकरचा नंबर आणि आल्याची वेळ लिहिलेली असते. त्या वहीची एप्रिल-मेची पानं पाहावीत. नंतर मालकाला विचारावं की टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा घेतला जातो, आणि तो कोणी भरायचा.

येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर आज लांब राहायला जाणं, हा सुशिक्षित लोकांतही खोल रुजलेला गैरसमज. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2016मध्ये झालं, पहिले तुकडे मार्च 2022मध्ये सुरू झाले आणि स्वारगेटला गाडी पोचायला सप्टेंबर 2024 उजाडला. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या 23 किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर 2018मधलं. 2025 उजाडलं तरी त्यावर प्रवासी बसलेला नव्हता. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो, तेव्हा त्या अकरा महिन्यांत जे धावतंय तेवढंच हिशेबात घ्यावं. जे धावतंय त्याचं मोल मात्र पूर्ण धरावं. वनाझ ते रामवाडी मार्ग चालू आहे, त्यामुळे येरवडा-कल्याणीनगरात नोकरी असणाऱ्याला कोथरूड नकाशावर लांब दिसलं तरी वेळेत जवळ पडू शकतं. स्टेशनपासून घरापर्यंत चालत जाता येतं का, एवढंच तपासायचं.

सगळ्यात वजनदार आक्षेप दोघं कमावणाऱ्या घरांचा आहे. एकाचं ऑफिस हिंजवडीला, दुसरीचं खराडीला. शहराच्या दोन टोकांना. अशा वेळी मधलं काहीतरी बघणं न्याय्य वाटतं, पण शिवाजीनगर-औंध पट्ट्यात भाडंही जास्त पडतं आणि दोघांचाही प्रवास चुकत नाही. मधलं अंतर काढण्याआधी आठवड्याच्या फेऱ्या मोजाव्यात. एकाला आठवड्यातून दोनच दिवस जायचं असेल आणि दुसरीला रोज, तर घर रोज जाणाऱ्याकडे सरकायला हवं. फेऱ्या सारख्या असतील तर ज्याची वेळ पाळावीच लागते, किंवा शाळेतून मूल ज्याला आणायचं असतं, त्याच्या बाजूने. मूल शाळेत जाणारं असेल तर शाळा घराजवळ हवी. ऑफिसजवळची शाळा नोकरी बदलली की गैरसोयीची होते. याच कारणासाठी भाड्याचं घर आणि विकतचं घर यांचे निकष एक नसतात. आयटीतली नोकरी तीन-चार वर्षांत बदलू शकते, कंपनी प्रोजेक्टसकट हिंजवडीतून खराडीला हलू शकते. भाड्याचं घर आजच्या ऑफिसच्या हिशेबाने निवडावं. विकत घेताना मात्र दोन-तीन वेगवेगळ्या रोजगाराच्या ठिकाणी जाता येईल अशी जागा बघावी, आणि त्यासाठी शहरात एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलेला बरा.

राहिला कराराचा प्रश्न. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात हे खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्चही फार नाही. 24,000 भाडं आणि 72,000 अनामत असेल तर अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आत येतं आणि शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. या करारात नवख्या माणसाने सगळ्यात आधी पाहायची ओळ लॉक-इनची, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही याची. बाहेरगावहून आलेला माणूस रोजच्या वेळेचा आणि पाण्याचा अंदाज पहिल्या दोन महिन्यांत नीट बांधू शकतो. लॉक-इन सहा महिन्यांचं असेल तर तो अंदाज चुकीचा निघूनही तिथेच राहावं लागतं किंवा अनामतीतून पैसे सोडावे लागतात. भाडं पाचशे रुपयांनी कमी करून घेण्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा लॉक-इन तीन महिन्यांवर आणि नोटीस एक महिन्यावर आणण्यासाठी ती करावी. मालकाला नियमित भाडेकरू हवा असतो, त्यामुळे बरेच जण या अटीला तयार होतात.