न पाहिलेल्या काकांचा वारसा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्हीही काही लिहावे, असा चिटणिसांचा आग्रह झाला. संस्थेच्या पन्नास वर्षांचा वृत्तान्त सांगणारे आमच्यापेक्षा अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. तेव्हा आपण सभासदांच्या नित्य व्यवहारास उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगावी, असे आम्ही ठरविले. विषय थोडा अप्रिय आहे. परंतु तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका सेवानिवृत्त शिक्षकांचा नातीच्या फीसाठी ट्रस्टकडे अर्ज आला. गृहस्थ सुस्थितीतले, कोणापुढे हात न पसरणारे. कारण विचारताच त्यांना रडू कोसळले. पुढील हकीकत त्यांच्या संमतीने देत आहोत. आडनाव सांगण्याचे प्रयोजन नाही; आपल्या बडोद्यातच त्या आडनावाची शंभर घरे सापडतील, आणि गोष्टीचे मर्मही तेथेच आहे.

त्यांना लंडनमधील एका वकिलाच्या नावाने ई-मेल आला. आपल्याच आडनावाचे एक अभियंते मोटार अपघातात सपत्नीक वारले, मूलबाळ नाही, बँकेत ४२ लाख पौंड पडून आहेत. मुदतीत वारस पुढे न आल्यास रक्कम सरकारजमा होईल. तरी आपण वारस म्हणून पुढे यावे आणि काम होईपर्यंत ही गोष्ट गुप्त ठेवावी, असा मजकूर. या शिक्षकांचे एक चुलत आजोबा फार वर्षांपूर्वी आफ्रिकेत गेले ते परत आलेच नव्हते. पत्र वाचताच त्यांना त्यांची आठवण झाली. वकिलाला त्या आजोबांची वार्ताही नव्हती. ते नाते मास्तरांनी स्वतःच्याच मनाने जुळविले.

प्रथम प्रतिज्ञापत्रासाठी १८,५०० रुपये गेले. मग वारसा कर निघाला. मग हा पैसा दहशतवादाशी संबंधित नसल्याचा दाखला हवा झाला. शेवटी रिझर्व्ह बँकेच्या नावाचे शिक्क्यासह पत्र आले आणि चलन बदलून देण्याचे शुल्क मागण्यात आले. सात महिन्यांत ४ लाख ६० हजार रुपये गेले, नातीच्या शिक्षणाची मुदतठेव मोडली, आणि घरात कोणास पत्ता नव्हता. दर वेळी वाटे, एवढे भरले की सुटलो. आता थांबलो तर मागचेही बुडेल. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा.

ही लबाडी संगणकाने जन्मास घातली असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील विडॉक या गुप्त पोलिसाने अशाच पत्रांचे वर्णन करून ठेविले आहे. तुरुंगातील भामटे श्रीमंतांस लिहीत, की आमच्या धन्याचा खजिना अमुक ठिकाणी पुरलेला आहे, थोडे साहाय्य केल्यास त्यात वाटा देऊ. पुढे अमेरिकेत आयोवा राज्यातील ऑस्कर हार्टझेल याने याहून मोठा डाव मांडला. सर फ्रान्सिस ड्रेक हा इंग्रज दर्यावर्दी १५९६ साली वारला. त्याची अफाट मालमत्ता वारसांना मिळावयाची आहे, असे सांगून हार्टझेलने १९२० च्या दशकात हजारो लोकांकडून कज्जाच्या खर्चासाठी पैसे उकळले. आरंभ ड्रेक आडनावाच्या लोकांपासून झाला. पैसे देणाऱ्यांकडून मौनाची शपथ घेतली जाई. १९३३ मध्ये इंग्लंडने त्याला हाकलून दिले आणि अमेरिकेत त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली; तरीही फसलेल्यांपैकी अनेकजण त्याच्याच बाजूने उभे राहिले!

१९८० च्या दशकात अशी पत्रे नायजेरियातून टपालाने निघू लागली, मग फॅक्सने, आणि पुढे ई-मेलने. त्या देशाच्या फौजदारी कायद्यातील फसवणुकीच्या कलमावरून या धंद्याला ‘चारशे एकोणीस’ असे नाव पडले. आपल्या ‘चारसोबीस’चा हा सख्खा शेजारीच म्हणावयाचा. (आपले कलम ४२० मात्र १ जुलै २०२४ पासून गेले, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू आहे.) आज हा धंदा कोणा एका देशाचा राहिलेला नाही.

पुष्कळांना वाटते, असली वेडगळ पत्रे लिहिणारे मूर्ख असले पाहिजेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याचे मार्मिक उत्तर दिले. लक्षावधी पत्रे धाडण्यास खर्च जवळजवळ नाही. खरा खर्च आहे तो उत्तर देणाऱ्याला महिनोन्‌महिने खेळविण्याचा. म्हणून पत्र मुद्दामच अविश्वसनीय ठेवावयाचे, म्हणजे चिकित्सक मनुष्य आरंभीच गळून पडतो आणि भोळा तेवढा उरतो. पत्र म्हणजे चाळणी आहे. परंतु अशुद्ध इंग्रजी हीच खूण, असे धरून बसू नये. हल्ली यंत्राच्या साहाय्याने निर्दोष इंग्रजीत, किंबहुना चांगल्या मराठीतही, असे पत्र लिहिता येते. तेव्हा भाषेपेक्षा व्यवहार तपासावा.

व्यवहार कसा तपासावा? पहिली गोष्ट, वारसा नात्याने मिळतो, आडनावाने नव्हे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात मृत्युपत्र नसल्यास कोणत्या नातलगांमागून कोणते, हे क्रमाने ठरवून दिले आहे. कोणीच वारस नसेल तर मालमत्ता सरकारकडे जाते. इंग्लंडातही वारस नसलेल्याचे धन राजसत्तेकडे जाते. नाते नसता वारस ‘दाखविणे’ हा सरळ गुन्हा आहे. त्यात हो म्हणणारा फसतो आणि अपराधीही होतो.

दुसरी गोष्ट कराची. आपल्याकडील मृत्यूनंतरचा संपत्तिकर १९८५ साली रद्द झाला. इंग्लंडात वारसा कर आहे. परंतु तो साधारणपणे व्यवस्थापक मृताच्या मालमत्तेतूनच भरतो. ज्याला पैसे मिळावयाचे त्याने आधी भरावयाचे, ही रीत उलटीच आहे. वारस शोधणाऱ्या खऱ्या संस्था विलायतेत आहेत. त्याही आपला हिस्सा साधारणतः वारसा हाती आल्यावर घेतात.

तिसरी गोष्ट, रिझर्व्ह बँक कोणाही व्यक्तीचे खाते ठेवीत नाही आणि वारशाची रक्कम सोडविण्यासाठी कोणास पत्र धाडीत नाही. चौथी, पत्त्याची. बँकेचे नाव मोठे आणि ई-मेलचा पत्ता मात्र कोणालाही फुकट मिळणारा, असे दिसले की समजून जावे.

खरोखरच वाडवडिलांची विसरलेली ठेव असेल असे वाटत असेल, तर तिचाही सरळ मार्ग आहे. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या बँक ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. शोधास शुल्क नाही. नाव सापडल्यास त्या बँकेत कागदपत्रे घेऊन जावे. आजोबांची चार गुंठे जमीन नावावर करून घेण्यास आपणांपैकी किती जणांनी किती हेलपाटे घातले, हे आठवून पाहावे. आणि लंडनची अनोळखी बँक मात्र घरबसल्या कोट्यवधी देऊ करते!

असे पत्र आल्यास उत्तर देऊ नये. नकाराचेही नको, कारण त्यावरून पत्ता चालू असल्याचे कळते. आधार, पॅन, बँक पुस्तकाची प्रत धाडू नये. ‘आमचे पैसे तुमच्या खात्यातून पुढे पाठवा’ या विनंतीस तर मुळीच मान देऊ नये. त्यात आपणच गुन्ह्याचे भागीदार ठरतो. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेस सांगावे. जितके लवकर कळेल तितकी रक्कम अडविण्याची आशा अधिक. कोणतीही पत्रे पुसून टाकू नयेत. आणि काही महिन्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणून कोणी शुल्क मागितले, तर तो त्याच भामट्यांचा दुसरा फेरा समजावा.

एवढे सर्व ध्यानी राहिले नाही तरी एक गोष्ट राहावी. मास्तरांना लुबाडले ते पौंडांच्या लोभाने कमी, ‘गुप्त ठेवा’ या दोन शब्दांनी अधिक. पहिल्याच दिवशी त्यांनी ते पत्र सुनेला दाखविले असते, तर मुदतठेव शाबूत राहिली असती. पुढेही सात महिने लाजेने त्यांचे तोंड बंद ठेविले. खरा वारसा चार माणसांत सांगता येतो. जो सांगता येत नाही तो वारसा नव्हे.

नातीची फी ट्रस्टने भरली. ती आता शेवटच्या वर्षास आहे. मास्तर दर शनिवारी सायंकाळी कार्यालयात येऊन बसतात. ज्यांना असे पत्र आले असेल त्यांनी ते घेऊन निःसंकोच यावे. मास्तर स्वतः वाचून देतात, आणि कोणालाही हसत नाहीत.