घरातले अन्न वाया जाते कुठे?

जगात ग्राहकांसाठी उपलब्ध झालेल्या अन्नापैकी १०५ कोटी टन अन्न २०२२ या एका वर्षात वाया गेले. त्यातले सुमारे ६० टक्के, म्हणजे ६३ कोटी टन, घरांतून गेले. हॉटेले, खानावळी आणि कँटीन यांचा वाटा २८ टक्के होता, दुकानांचा १२ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातले हे आकडे आहेत. नासाडीची चर्चा आपल्याकडे लग्नाच्या पंगती आणि बुफेच्या ताटांभोवतीच फिरते, पण सर्वांत मोठा वाटा घरच्या ओट्यावरून जातो.

याच अहवालात भारतातल्या घरांसाठी दरडोई वर्षाला ५५ किलो असा अंदाज दिला आहे. जगाची सरासरी ७९ किलो. भारताचा आकडा म्हणजे माणशी रोज दीडशे ग्रॅम आणि चौघांच्या कुटुंबात रोज सहाशे ग्रॅम. या वजनात साली, बिया, देठ, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, त्यामुळे ते सगळे खाण्यायोग्य अन्न समजू नये. तरीही ‘आपल्याकडे कोणी अन्न टाकत नाही’ ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या घरगुती सरासरीत माणशी वर्षाला जेमतेम सात किलोंचा फरक आढळला. उष्ण देशांत हे प्रमाण अधिक दिसते, याची संभाव्य कारणेही अहवालात दिली आहेत: तिथे ताजा भाजीपाला जास्त खाल्ला जातो, त्यासोबत साली-देठ जास्त निघतात आणि माल थंड ठेवण्याची सोय अपुरी असते. अन्न टाकले की त्यामागचे पाणीही जाते. एक किलो तांदूळ पिकवायला जागतिक सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते.

घरात खाण्याजोगे अन्न तीन ठिकाणी वाया जाते: न वापरता सडलेला कच्चा माल, शिजवून उरलेले पदार्थ आणि ताटात टाकलेले उष्टे. आपण मुलांना दटावतो ते तिसऱ्यासाठी. पहिल्या दोन प्रकारांत मात्र अन्न बादलीत पडते त्या दिवशी नवे काहीच ठरत नाही. ते मंडईत चौथी जुडी पिशवीत टाकताना किंवा कुकरला एक वाटी तांदूळ जास्त लावताना ठरलेले असते. उरलेल्या पोळ्यांचे काय करावे याच्या पाककृती भरपूर मिळतात. पोळ्या रोज का उरतात, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

म्हणून सुरुवात खरेदीपासून करावी. मंडईत निघण्यापूर्वी फ्रिजचा खालचा ड्रॉवर उघडून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यात दुधी आणि फरसबी असताना पुन्हा तीन भाज्या आणल्या, तर आधीच्या मागे ढकलल्या जातात. आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्या घरात क्रम महत्त्वाचा: पालेभाज्या, मेथी, शेपू पहिल्या दोन दिवसांत, वांगी, भेंडी, गवार मधल्या दिवसांत, कोबी, गाजर, दुधी, लाल भोपळा शेवटी. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली जास्तीची जुडी टाकावी लागली, तर ती स्वस्त पडलेली नसते.

आणलेली भाजी कशी ठेवली यावर पुढचे दोन-चार दिवस ठरतात. पालेभाजी आणि कोथिंबीर धुऊन ओलीच ठेवली की कुजते. पिवळी पाने काढून, माती झटकून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर ती कितीतरी जास्त टिकते. धुवायची ती वापरताना. पुष्कळ घरांत यासाठी वर्तमानपत्राचा कागद वापरतात. छपाईच्या शाईतली रसायने अन्नात उतरू शकतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध इशारा दिलेला आहे. पिकलेली केळी, आंबे, पपई, सफरचंद आणि टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते, काकडी मऊ होते. फळे आणि पाला वेगळे ठेवायचे ते यासाठी. केळी फ्रिजमध्ये काळी पडतात, त्यामुळे त्यांची जागा बाहेरच. टोमॅटो कच्चा असेपर्यंत बाहेर ठेवावा, पूर्ण पिकल्यावर आत गेला तरी चालतो.

कांद्याच्या बाबतीत हंगाम ओळखावा लागतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. फेब्रुवारी-मार्चनंतर येणारा उन्हाळी कांदा नीट सुकवलेला असला तर महिनोन्‌महिने राहतो. नाशिक पट्ट्यातले शेतकरी चाळीत साठवतात तो हाच. वर्षाची बेगमी उन्हाळी कांद्याचीच करावी. हिवाळ्यात लाल कांद्याचे पोते घरी आणणे म्हणजे निम्मे सडवण्याची तयारी. कांद्याला कोरडी, वारा खेळणारी जागा हवी. बटाट्याला अंधार हवा, कारण उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. दोन्ही एकाच टोपलीत ठेवू नयेत.

धान्य-कडधान्याची नासाडी एरवी नजरेत येत नाही. पावसाळ्यात डबा उघडल्यावरच ती कळते. कडधान्यातला भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच आलेला असतो. दाण्यावर घातलेली अंडी डोळ्यांना सहज दिसत नाहीत, त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यातही पुढे भुंगे निघतात. एप्रिल-मेमध्ये धान्याला कडकडीत ऊन देऊन, गार करून मगच भरण्याची पद्धत म्हणूनच योग्य आहे. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली असला की कीड आणि बुरशी दोन्हींना वाव कमी राहतो. डाळीला एरंडेल चोळण्यामागेही कारण आहे: तेलाच्या पातळ थरामुळे भुंग्यांना अंडी घालणे अवघड होते. रवा भाजून ठेवावा किंवा काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग बाहेर काढावा. मुळात चार माणसांच्या घराने दहा माणसांच्या घराइतकी साठवण करण्याची गरज उरलेली नाही. किराणा आता कोपऱ्यावर मिळतो, आणि आजीच्या काळची यादी तशीच पुढे चालवण्याने डबे भरतात, माणसे तेवढी नसतात.

यानंतर येते रोजच्या स्वयंपाकाचे माप. ‘उरले तरी चालेल, कमी पडायला नको’ हे आपल्याकडचे गृहीत पाहुणचारातून आले आहे आणि त्यात प्रेम आहे यात शंका नाही. पण रोजच्या चार माणसांसाठी ते लागू केले की रोज उरते. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, एवढे ध्यानात ठेवून डोळ्यांच्या अंदाजाऐवजी वाटीने मोजले तरी फरक पडतो. कणीक पोळ्यांच्या संख्येवरून भिजवावी. आणि घरातल्या प्रत्येकाने रात्री जेवायला नाही हे संध्याकाळी कुकर लागण्याआधी सांगावे. रात्रीचा भात उरण्याचे एक कारण हा न केलेला फोनही असतो.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न चवीच्या आधी सुरक्षिततेचा आहे. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या स्वयंपाकघराचे तापमान वर्षभर याच पट्ट्यात असते. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, पारा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास. भाताबाबत विशेष सावध राहावे. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्याच्या उष्णतेत मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताला सकाळी खमंग फोडणी दिली म्हणजे तो निर्धोक झाला, असे मानू नये. फोडणीच्या भाताला यामुळे कमीपणा येत नाही. जेवण आटोपताच भात पसरट डब्यात काढून, वाफ जाऊ देऊन फ्रिजमध्ये ठेवला की सकाळचा फोडणीचा भात पूर्वीइतकाच चांगला होतो. आमटीचे मोठे पातेले तसेच आत ठेवले तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. ती लहान डब्यांत विभागावी. ओल्या नारळाचे आणि मोडाच्या उसळीचे पदार्थ लवकर आंबतात, चिंच-कोकमाची आमटी थोडी उशिरा. बाहेर काढताना लागेल तेवढेच काढून चांगले उकळावे.

फ्रिजचे तापमान ४-५ अंशांपर्यंत असावे, त्यात हवा फिरायला जागा असावी. दरवाज्याचा कप्पा सर्वांत कमी गार असतो, म्हणून दूध तिथे ठेवू नये. आणि एक जागा ‘आधी हे संपवायचे’ यासाठी राखावी, तीही समोर, डोळ्यांच्या उंचीवर, शक्यतो पारदर्शक डब्यांत. स्टीलच्या डब्यात मागे गेलेली भाजी आठ दिवसांनीच पुन्हा उजेडात येते. टाकायला जीव धजत नाही म्हणून आत ठेवलेले आणि खायला मन होत नाही म्हणून आतच राहिलेले, अशा डब्यांनी फ्रिज भरतो.

मराठी स्वयंपाकाकडे उरलेल्याला नवे रूप देण्याची मोठी शिदोरी आहे. शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गूळ-तुपाचा लाडू, उरलेल्या भाजीचे आणि वरणाचे थालीपीठ, आंबट ताकाची कढी किंवा उकड. गोव्यात आदल्या दिवशीची माशाची आमटी आटवून ‘कालची कोडी’ होते आणि ती ताजीपेक्षा आवडीने खाणारे बरेच आहेत. दोडक्याच्या शिरा तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर भाजून चटणी होते, दुधीच्या सालीचीही. मुळ्याचा आणि नवलकोलचा पाला भाजीत, कोथिंबिरीचे देठ वाटणात, फणसाच्या आठळ्या उकडून, कलिंगडाचा पांढरा भाग थालिपिठात. सायीचे विरजण, त्याचे लोणी आणि ताक, लोण्याचे तूप आणि तळाची बेरी या साखळीत तर काहीच वाया जात नाही. सालींवर कीटकनाशकांचा अंश राहू शकतो, त्यामुळे त्या वापरण्यापूर्वी भरपूर पाण्यात धुवाव्यात.

या काटकसरीची एक बाजू मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ घरांत उरलेले ‘संपवले’ जाते म्हणजे ते घरातली बाई खाते. बाकीच्यांना ताजी पोळी, तिला सकाळची. नासाडीच्या हिशेबात ते अन्न वाचलेले दिसते, पण ते एकाच व्यक्तीच्या ताटात ढकललेले असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. शिल्लक ओळखणे, तिचे काहीतरी करणे आणि शेवटी ती खाणे, हे सगळे या २९९ मिनिटांतच मिसळते. शिळे असेल तर ते सगळ्यांना वाटून वाढावे. तेव्हा उद्या किती करायचे याचा विचारही सगळे करू लागतात.

पाकिटावरची तारीख नीट न वाचल्यानेही चांगले अन्न फेकले जाते. ‘बेस्ट बिफोर’ ही चव, कुरकुरीतपणा यांच्या दर्जाची तारीख आहे. ती उलटल्यावर न फोडलेले, कोरडे पाकीट लगेच अपायकारक होत नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही सुरक्षिततेची तारीख आहे आणि तिच्यानंतर पदार्थ खाऊ नये.

काही गोष्टी मात्र वाचवू नयेत. बुरशी आलेल्या पावाचा हिरवा तुकडा कापून उरलेला खाणे चुकीचे, कारण बुरशीचे धागे आतवर गेलेले असतात. बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मका यांत अफ्लाटॉक्सिन असू शकते. ते यकृताला घातक आहे आणि भाजून किंवा शिजवून पूर्ण जात नाही. फुगलेले डबाबंद अन्न, बराच हिरवा पडलेला बटाटा, कुबट वास येणारे दूध, घटकाभर जास्तच बाहेर राहिलेली मासळी ही सरळ टाकावी.

टाकायचे तेही वेगळे काढून. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले. मिसळलेला ओला कचरा कचराभूमीत दबून हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता धरतो. अशा कचराभूमीला आगीचाही धोका असतो: मुंबईची देवनार कचराभूमी १९२७ पासूनची आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरावर अनेक दिवस राहिला. बाल्कनीतल्या खतासाठी खाली भोके असलेला डबा पुरतो: भाजीच्या सालींच्या प्रत्येक थरावर सुका पाला किंवा कोकोपीट टाकायचे, आठवड्यातून एक-दोनदा खालीवर करायचे, वास आला तर कोरडा पाला वाढवायचा. तेलकट शिजवलेले पदार्थ आणि मासळी-मटणाचे अवशेष अशा लहान डब्यात टाकू नयेत, त्यांनी अळ्या आणि उंदीर येतात. ते पालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्यावेत. साधारण दोन-तीन महिन्यांत खत काळे, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे झाले की ते चाळून कुंड्यांत घालता येते.