विषाणूचे बियाणे

बियाणे कोठीत कुलूपबंद ठेवून पीक येत नाही, हे जालन्याला सांगावयास नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ स्थापन केली ती याच गावात. (संकरित वाणांचे मूळ जनक कंपन्या जपून ठेवतात, हा भाग निराळा.) प्रयोगशाळेतील विषाणूचेही असेच आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने २०२० साली करोनाचा विषाणू वेगळा केला, तो ‘व्हेरो’ पेशींत वाढवून. या पेशींचा वंश १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून निघाला आणि पुढे देशोदेशी वाटला गेला. चिनी संशोधकांनी जानेवारी २०२० मध्ये विषाणूची जनुकीय रचना खुली केली, म्हणूनच बर्लिनच्या प्रयोगशाळेला रुग्णाचा नमुना हाती नसतानाही चाचणीची कृती काही दिवसांत जाहीर करता आली. पुण्याने आपला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला; त्यातूनच ‘कोव्हॅक्सिन’ लस सिद्ध झाली.

जिवंत विषाणू कोणाच्याही हाती द्यावा, असे अर्थातच नव्हे. त्यासाठी लागणारी कडेकोट प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहणे कठीण. परंतु निष्क्रिय केलेला विषाणू, त्याचे जनुकद्रव्य, चाचणी पडताळण्याचे प्रमाणित नमुने यांना तेवढा बंदोबस्त लागत नाही. जालन्याच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते मागताच मिळावेत, आणि तेही पुढची साथ येण्यापूर्वी.