निळं जाकीट आणि आपले समज

टीव्हीवर निळ्या जाकिटातला, हेल्मेट घातलेला युद्धवार्ताहर दिसला की आपण मनात धरून चालतो : कायदा त्याच्या बाजूने आहे, सोबत सैन्य आहे, मागे मोठी कंपनी आहे. यातलं काही अर्धवट खरं आहे. युद्धभूमीवर तेवढ्याने भागत नाही.

गैरसमज : ते जाकीट गोळी अडवतं.

कोणती गोळी, हा प्रश्न आधी. नुसतं मऊ थरांचं जाकीट पिस्तुलाची गोळी आणि बारीकसारीक तुकडे थोपवतं. रायफलची गोळी अडवायची तर त्यात पुढून-मागून जड, कडक प्लेट सरकवावी लागते, आणि ती झाकते मुख्यतः हृदय आणि फुप्फुसं. मान, काख, जांघ, चेहरा उघडाच. ११ मे २०२२ रोजी वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये अल जझीराच्या वार्ताहर शिरीन अबू अक्लेह यांनी ‘प्रेस’ लिहिलेलं जाकीट आणि हेल्मेट, दोन्ही घातलं होतं. गोळी हेल्मेटच्या कडेखाली डोक्यात घुसली. ती इस्रायली सैन्याकडून आली, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने काढला. इस्रायली लष्कराने काही महिन्यांनी तशी दाट शक्यता मान्य केली. पण चुकून लागली, असं म्हणत.

गैरसमज : वर्मी घाव बसला की उपाय नसतो.

हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यामुळे वाचू शकणारी माणसंही जातात. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिसराता शहरात छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन यांच्या जांघेत स्फोटाचा तुकडा घुसला. रुग्णालय गाठेपर्यंत रक्त वाहत राहिलं आणि त्यातच ते गेले. त्याच हल्ल्यात जखमी झालेले ख्रिस हाँड्रोस हेही वाचले नाहीत. हेदरिंग्टन यांचे मित्र, लेखक सबॅस्टियन युंगर यांना पुढे कळलं, की आसपासच्या कुणाला रक्तस्राव रोखता आला असता तर कदाचित वेळ मिळाला असता. त्यातूनच त्यांनी ‘रिस्क’ नावाची संस्था काढली. फ्रीलान्स पत्रकारांना ती प्रथमोपचार मोफत शिकवू लागली.

काय शिकवायचं असतं? हातापायाची धमनी फुटली तर जखमेच्या वरच्या बाजूला पट्टा आवळायचा, दुखलं तरी सोडायचा नाही, आणि किती वाजता बांधला ते लिहून ठेवायचं. जांघेत मात्र पट्टा बसत नाही. तिथे जखमेत गॉझ ठासून भरायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबून धरायचं. मांडीची मोठी धमनी तुटली तर हाताशी असतात ती जेमतेम काही मिनिटं. हे वाचून येत नाही, हाताला सराव लागतो. तरी खर्चाचा विषय निघाला की आधी जाकिटाची किंमत विचारली जाते, प्रशिक्षणाची नाही.

कायद्याबद्दलही गोंधळ आहे. रेडक्रॉसच्या चिन्हाला जिनिव्हा करारांचं संरक्षण आहे, तसं ‘प्रेस’ या अक्षरांना नाही. १९७७च्या पहिल्या पूरक करारातलं ७९वं कलम एवढंच म्हणतं, की युद्धक्षेत्रात काम करणारा पत्रकार हा नागरिक मानावा. म्हणजे शेजारच्या दुकानदाराला जे संरक्षण, तेच त्याला. लढाईत भाग घेतला तर तेही जातं. भारताने हा पूरक करार स्वीकारलेला नाही. पण नागरिकांवर जाणूनबुजून हल्ला करायचा नाही, हा नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचाही भाग आहे आणि तो सगळ्यांनाच लागू होतो.

सैन्यासोबत राहिलं की निर्धास्त? सैन्याची गाडी हे शत्रूचं कायदेशीर लक्ष्य असतं आणि आपण तिच्यातच बसलेलो असतो. रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी स्पिन बोल्डक इथे अफगाण विशेष दलासोबत असतानाच मारले गेले.

गैरसमज : जीव जातो तो बाहेरून गेलेल्या नामवंतांचा.

नावं आपल्याला त्यांचीच ठाऊक असतात, एवढंच. मरणाऱ्यांत बहुतेक जण तिथलेच असतात. ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ने २०२४मध्ये किमान १२४ पत्रकार आणि माध्यमकर्मी मारले गेल्याची नोंद केली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के मृत्यूंना या संस्थेने इस्रायलला जबाबदार धरलं, आणि मृतांत मोठा भाग गाझातल्या पॅलेस्टिनी पत्रकारांचा होता. ऑक्टोबर २०२३पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे गाझात जाऊ दिलं नाही, त्यामुळे बातमी देणारे तेच उरले. तालुक्याच्या स्ट्रिंगरची स्थिती ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको : बातमीमागे मोबदला, विमा बहुधा नाही, आणि घर त्याच गल्लीत. परदेशी वार्ताहराला परतीचं विमान असतं.

गैरसमज : मारेकऱ्यांना शिक्षा होतेच.

युनेस्कोच्या २०२४च्या अहवालानुसार, पत्रकारांच्या हत्यांपैकी ८५ टक्के प्रकरणांचा छडा लागत नाही. सीरियातल्या होम्समध्ये २२ फेब्रुवारी २०१२ रोजी वार्ताहर मेरी कोल्विन आणि छायाचित्रकार रेमी ओशलिक तोफमाऱ्यात ठार झाले. कोल्विन यांच्या कुटुंबाच्या दाव्यात अमेरिकी न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सीरियाच्या सरकारला दोषी धरून ३० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश दिला. सीरियाने त्या न्यायालयात बाजू मांडायलाही कुणाला पाठवलं नव्हतं.